मास्तरांच्या गळ्याची गुंडी

आपण बरे आहोत की आजारी, हे माणसाचं त्याला कधीच कळत नाही. त्यासाठी छापील फॉर्म लागतो. शरीर काय, वाटेल ते सांगतं. फॉर्मचं तसं नसतं. त्यावर तारीख असते, सही असते आणि खाली शिक्का असतो. (शरीरावर यांपैकी काहीही आढळत नाही.)

लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. त्यावरच्या एका नव्या गोळीची चाचणी ज्या रुग्णालयात चालू होती, तिथला फॉर्म बावीस पानांचा होता आणि दर बुधवारी तो भरण्याचं काम सिस्टरांकडे होतं. चाचणीत एकतीस रुग्ण होते. त्यांतले एक मास्तर. अडतीस वर्षं त्यांनी गावाचे शर्ट शिवले होते आणि गेलं वर्षभर त्यांचा स्वतःचा एकही शर्ट गळ्याशी मिटत नव्हता, कारण मानेच्या दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी आल्या होत्या.

चौथ्या बुधवारी मास्तर आले ते वरची गुंडी लावूनच.

"सिस्टर, बघा! साडेसतरावरून पावणेसोळावर आलाय गळा. टेपनं मोजलाय हं, उगाच अंदाजपंचे नाही."

"आणि आता आडवे होऊन झोपतात," मास्तरांच्या पत्नी, म्हणजे काकू, म्हणाल्या. "इतके दिवस भिंतीला टेकून बसायचे हो."

"अरे वा," असं म्हणून सिस्टरांनी सातवं पान उघडलं. त्यावर प्रश्न होता: मूठ पूर्ण वळते का? हे पान सांधेदुखीच्या चाचणीतून आलं होतं. याच जातीची गोळी आधी आमवातावर करून पाहिली होती, तेव्हाचे फॉर्म पुष्कळ उरले होते. मास्तरांनी मूठ वळून दाखवली. एकतीसच्या एकतीस रुग्णांची मूठ वळत होती. (ती गोळी घेण्यापूर्वीही वळत होती, पण म्हणून अहवालात शंभर टक्के यश लिहायला कोणाची हरकत नव्हती.) गळ्याचा रकाना फॉर्ममध्ये नव्हता.

मग रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी नऊ हजारांवरून अडतीस हजारांवर गेल्या होत्या. चौपट! एकोणिसाव्या पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'पेशी दुपटीहून अधिक वाढल्यास आजार बळावला असे समजून सात दिवसांत औषध बंद करावे.' सिस्टरांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. समोर मास्तर काकूंशी हसून काहीतरी बोलत होते. बिचाऱ्यांना कल्पनाही नव्हती. सिस्टरांनी नियमाप्रमाणे दोनदा हात धुतले आणि त्या डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि ते खुर्चीतून उठलेच. "अहो, हे तर व्हायलाच हवं!"

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. शरीरातल्या पेशींना हाका मारायला केमोकाइन नावाची रसायनं असतात आणि त्या हाका ऐकायला पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात, म्हणजे कानच म्हणा. आमवातात सांध्यांतून हाक येते आणि पेशी तिथे जाऊन धुमाकूळ घालतात. लिम्फोमात हाक येते गाठींतून. बिघडलेल्या पेशी ती ऐकून गाठींत शिरतात, ठाण मांडतात आणि तिथेच पोसल्या जातात. ही गोळी त्यांच्या कानांत बोळे घालते. हाक ऐकू येईनाशी झाली की पेशी गाठी सोडून रक्तात येतात, म्हणून रक्तातला आकडा वाढतो. तिथे त्यांना पोसणारं कोणी नसतं, त्यामुळे हळूहळू मरतात.

"म्हणजे मास्तर बरे होतायत?" सिस्टरांचा जीव भांड्यात पडला.

"होतायत ना!"

"मग गोळी चालू ठेवायची?"

"छे. फॉर्म मंजूर झालेला आहे."

एकोणिसावं पान रक्ताच्या कॅन्सरच्या जुन्या चाचणीतून आलं होतं. तिथे आकडा वाढणं खरोखरच वाईट होतं. पान बदलायला चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या समितीची परवानगी हवी होती आणि तिला सरासरी चौदा महिने लागत. मास्तरांकडे सात दिवस होते.

समितीत सात जागा होत्या, पैकी सहा भरलेल्या. सिस्टरांनी रजा टाकून तीन पानी पत्र लिहिलं, त्यात गळ्याची मापं लिहिली, पुराव्यादाखल मास्तरांचा टेपही जोडला. असं धाडस त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. सहाव्या दिवशी उत्तर आलं. एक, टेपला प्रमाणपत्र नाही. दोन, रुग्णाने स्वतःची मान स्वतः मोजणे हा हितसंबंध होय. तीन, गुंडी हे वैद्यकीय उपकरण नाही. टेप फाईलला लावून घेण्यात आला आहे. (मास्तरांना नवा घ्यावा लागला.)

सातव्या दिवशी गोळी बंद झाली. "पण मला बरं वाटतंय हो," मास्तर चारदा म्हणाले. सिस्टरांना स्वतःची लाज वाटली, आणि त्यांनी सही केली.

सहा आठवड्यांनी मास्तर आले तेव्हा वरच्या दोन्ही गुंड्या उघड्या होत्या. पेशी गाठींत परतल्या होत्या, त्यामुळे रक्तात आकडा बरोबर नऊ हजार. समितीने आपण होऊन पत्र पाठवलं: 'पेशींची संख्या पूर्ववत झाल्याबद्दल अभिनंदन.' काकूंनी पुन्हा गोळी मागितली. पण दुसऱ्या पानानुसार, प्रकृती सुधारलेल्या रुग्णास औषध देता येत नाही.

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. "कागद चांगला वापरलाय," ते म्हणाले, आणि काकूंच्या खांद्याला धरून जिना उतरले.

चाचणीचा निष्कर्ष यथावकाश आला. अकरा रुग्णांच्या पेशी वाढल्या. त्या अकराही जणांना वेळीच वाचवून औषधाबाहेर काढण्यात आले. उरलेल्या वीस जणांवर गोळीचा परिणाम दिसला नाही. सबब गोळी सुरक्षित आहे, मात्र निरुपयोगी आहे.

समितीला नावं ठेवायला तोंड उघडलंच असेल, तर एक आठवण करून द्यावीशी वाटते. वर अडतीस हजारांचा आकडा आला, तेव्हा तुम्हीही मनातल्या मनात मास्तरांची आशा सोडली होतीत. गळ्याची गुंडी लागलेली तुम्हाला त्याच्या आधीच दाखवली होती. समितीतली सातवी जागा अजून रिकामी आहे. अर्ज करायला हरकत नाही.