दारापासून दारापर्यंत

"विमान? हॅ! नुसता देखावा!" डोळ्याला लावलेलं भिंगही न काढता घड्याळजींनी दुकानातूनच जाहीर केलं. "हवेत पाऊण तास, कबूल! पण विमानतळ गाठायचा, रांगेत ताटकळायचं, पट्टा काढायचा, पट्टा घालायचा, बॅगेची वाट बघायची, हे कोण मोजणार? दारापासून दारापर्यंत मोज! माझी गाडी पाच तासांत लेकीच्या दारात!"

बायकोने तिकीट काढलंसुद्धा. "लावा पैज. उद्या दोघं घरातून एकदमच निघू. लेकीची बेल आधी मी वाजवली, तर तो डबा विकायचा."

डबा! जिला पुसल्याशिवाय सकाळचा चहा घशाखाली उतरत नसे, तिला डबा! घड्याळजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लागली पैज!"

दुसऱ्या दिवशी गाडीने लाज राखली. चढावर जरा धापा टाकल्या, पण थांबली म्हणून नाही. लेकीचं शहर जवळ आलं तोच तिचा फोन!

"बाबा, आईचं विमान उशिरा सुटलं. आत्ता कुठे उतरतंय. तुम्हीच जिंकताय!"

आता माणसाने गपगुमान लेकीचं घर गाठावं की नाही? पण समोर विमानतळाची पाटी दिसली आणि घड्याळजींच्या अंगात वारं शिरलं. नुसतं जिंकण्यात काय मजा? हरणाऱ्या बायकोचं तोंड बघायला नको? 'या बाईसाहेब, बसा डब्यात,' असं म्हणायला नको? वळवली गाडी!

वाहनतळ कसला, मजल्यावर मजले, सगळे एका साच्यातले! गाडी लावून ते धावतच दारापाशी गेले आणि छाती काढून उभे राहिले. माणसं आली, बॅगा आल्या, विमान चालवणाराही जांभया देत बाहेर आला. बायको येईना. शेवटी फोन लावला.

"अगं, आहेस कुठे?"

"टॅक्सीत! पलीकडच्या दाराने बाहेर पडले. तुम्ही कुठे?"

घड्याळजींनी फोन ठेवला आणि धूम ठोकली. अजूनही गाठता आलं असतं. फक्त गाडी सापडायला हवी होती!

"कुठल्या मजल्यावर लावलीत, आजोबा?" पहारेकऱ्याने विचारलं.

"खालच्या!"

"खाली चार मजले आहेत."

"आणि आजोबा कोणाला म्हणतोस रे?"

चारही मजले पालथे घातले. आपल्या गाडीसारख्या पांढऱ्या गाड्या पोत्याने, पण आपली कुठेच नाही!

अंधार पडता पडता लेकीच्या दारात टॅक्सी थांबली. बायको कमरेवर हात ठेवून उभीच होती.

"मी हरलो नाही!" घड्याळजी उतरतानाच गरजले. "गाडीने मला वेळेच्या आधी आणलं होतं. उशीर केला तो विमानतळाने! तो वेळ विमानाच्या खात्यात!"

"बेल कोणी वाजवली?"

"तू. पण..."

"मग डबा विकायचा. कुठाय तो?"

घड्याळजींनी छाती पुन्हा पुढे काढली.

"विमानतळावर! जा, शोध आणि खुशाल वीक!"