एकामागून एक अक्षर

"सोमवारी ताराचंद कबाडी येणार हाये," शामला पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "हातगाडी घेऊनच ये म्हटलं त्याले."

महादेवरावांच्या हातातलं सोल्डरिंग आयर्न हवेतच थांबलं. "कशासाठी?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

"ह्या तुमच्या कॉम्प्युटरसाठी. दोन वर्सं झाले, जेवाच्या टेबलावर हे बसून हाये आन् आपण खाली फरशीवर जेवून राहिलो. पाव्हणे विचारते, हे करते काय? काय सांगू मी? लाल डोळे मिचकावते आन् आमचे हे मान हालवते, असं सांगू?"

कोराडीच्या वीज केंद्रात महादेवराव मीटर दुरुस्त करत. घरी आल्यावर ते हा कॉम्प्युटर जोडत. मासिकातली आकृती, पोस्टानं मागवलेल्या चिपा आणि बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात बसवलेलं सगळं तंत्र. त्याला तोंड असं नव्हतं. आठ लाल दिवे होते, आणि कोणते पेटले, कोणते विझले यावरून उत्तर ओळखायचं. ज्या दिवशी त्यानं पहिली बेरीज बरोबर केली त्या दिवशी महादेवरावांनी ती पुन्हा तीनदा करून पाहिली होती. त्यांनी शामलाला हाक मारली होती. ती हात पुसत आली, दिव्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सात आन् पाच बारा? हे तं मलेही येते जी."

त्यावर काय बोलावं ते महादेवरावांना सुचलं नव्हतं. त्यांना बहुधा सुचत नसे.

"आता ते अक्षरं दाखवणार आहे," ते हळूच म्हणाले. "टीव्हीवर. हे नवीन कार्ड बसवलं ना, की एकाच तारेतून अक्षरं येतील. एकामागून एक. शाळेतली पोरं रांगेनं बाहेर पडतात तशी. आणि कार्ड त्यांना पकडून पडद्यावर बसवील."

"टीव्हीवर?" लाटणं थांबलं. "रविवारपर्यंत बसलं तं बसलं. पण सांगून ठेवते, टीव्हीचं मागचं झाकण खोलाचं नाई. आन् अँटेनाची वायर काढाची नाई. मागच्या वेळी काढली तं महिनाभर मुंग्या दिसून राहिल्या होत्या."

महादेवरावांनी दोन्ही अटी मान्य केल्या. झाकण उघडायचं नाही, म्हणून अँटेनाच्याच भोकातून चित्र आत सोडणारी छोटी डबी त्यांनी बनवली. अँटेनाची वायर काढायची नाही, म्हणून तिच्यावरच आपली वायर जोडली. बायकोचं म्हणणं शब्दशः पाळलं की पुढची काळजी करायची नाही, असा त्यांचा समज होता. तो किती चुकीचा होता ते रविवारी कळलं.

रविवारी संध्याकाळी सिनेमा बघायला वसाहतीतला सगळा ब्लॉक खालच्या मजल्यावर चंपतरावांकडे जमला. त्यांच्याकडे रंगीत टीव्ही होता. चंपतराव वीज केंद्राच्या स्टोअरमध्ये होते, महादेवरावांना सीनियर, आणि छतावरची अँटेना त्यांनीच खटपट करून बसवून घेतली होती. एकच अँटेना, तिच्यातून प्रत्येक क्वार्टरला एक वायर. त्यामुळे दूरदर्शनवर काहीही चांगलं लागलं की चंपतराव ते स्वतः लावल्यासारखे आजूबाजूला बघत.

शामलाही मुरमुऱ्यांची थाळी घेऊन खाली गेली होती. वर महादेवराव एकटे होते.

त्यांनी बटण दाबलं. आपल्या जुन्या काळ्यापांढऱ्या टीव्हीवर एक पांढरा चौकोन लुकलुकू लागला. त्याच्या मागे सिनेमाची पुसट सावली हलत होती, पण तिच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. समोर जुन्या टेलिप्रिंटरचा कीबोर्ड होता. कार्डाला मराठी येत नव्हती, इंग्रजी मोठी अक्षरं तेवढी येत होती, म्हणून मराठीच इंग्रजी अक्षरांत लिहायची होती. त्यांनी एक अक्षर दाबलं.

ते पडद्यावर उमटलं.

महादेवराव किती तरी वेळ त्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बोटानं काच पुसून पाहिली. अक्षर पुसलं गेलं नाही. आपल्या बोटाखाली दबलेलं काहीतरी तारेतून धावत जाऊन काचेवर उजेड होऊन उभं राहतं, आणि ते आपण केलं, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी देवाला हात जोडले आणि पुढची अक्षरं दाबली.

खाली चंपतरावांकडे नायिका आईच्या उशाशी बसून रडत होती. तिच्या कपाळावर एक पांढरं अक्षर उमटलं.

"अगा, हे काय आलं?" रुपराव म्हणाले. ते कोळशाच्या विभागात होते आणि सगळ्यात पुढे बसले होते.

"शांत राहा," चंपतराव म्हणाले. "दिल्लीहून सूचना असन. सरकारी काम हाये."

"मंग वाचा ना जी मोठ्यानं," त्यांच्या पत्नी प्रयागबाई म्हणाल्या. "आम्हाले कुठं इंग्रजी येते?"

चंपतरावांनी चष्मा लावला. अक्षरं थांबत थांबत येत होती. "म... हा... देव. महादेव. पाहा, देवाचं नाव घेऊन सुरुवात केली."

दोन-तीन बायकांनी हात जोडले. नायिकेची आई अखेरचा श्वास घेत होती, पण तिच्याकडे आता कोणी बघत नव्हतं.

वर महादेवरावांना प्रश्न पडला होता, पुढे काय लिहावं? इतकी वर्षं कोणाला काही सांगायची वेळच आली नव्हती. आली तेव्हा शब्द सापडले नव्हते. पण यंत्रापुढे लाजायचं कारण नव्हतं. ते लिहू लागले.

"आज... वांग्याच्या... भाजीत," चंपतराव बातम्यांच्या आवाजात वाचत होते, "मीठ... जास्त... होतं." ते थांबले.

"दिल्लीतही वांगेच खाऊन राहिले म्हणाचं," रुपराव आदरानं म्हणाले.

शामलाचा मुरमुऱ्यांचा हात तोंडाशीच राहिला. त्या भाजीत मीठ दोनदा पडलं होतं, एकदा सवयीनं आणि एकदा रागानं. हे जगात दोघांनाच माहीत होतं.

"पण... मी... दोनदा घेतली. सांगायचं... राहून गेलं."

"कोन हाये वं हा बिचारा?" प्रयागबाई हळहळल्या. शामलानं हातातले मुरमुरे थाळीत परत टाकले.

चंपतराव पुढे वाचू लागले. आता त्यांना या कामाची गोडी लागली होती. "चंपतराव... पाहा, आपलं नाव घेतलं! चंपतराव पहाटे... भजन म्हणतात. सूर..."

ते गप्प झाले.

"सूर लागत नाही," रुपरावांनी पुढचं वाचून टाकलं. "सगळ्या ब्लॉकला माहीत आहे. कोणी सांगत नाही."

मागच्या रांगेत कोणीतरी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"दिल्लीपर्यंत ऐकू गेलं जी," प्रयागबाई म्हणाल्या.

चंपतरावांनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग टीव्हीच्या मागून निघणाऱ्या वायरकडे, मग वायरच्या मागे मागे छताकडे. "महादेवराव!" ते गरजले. "माह्या अँटेनातून!" आणि ते दाराकडे निघाले.

"थांबा," रुपराव म्हणाले. "शामलावहिनीचं नाव येऊन राहिलं."

"बसा जी," प्रयागबाईंनी नवऱ्याला ओढून खाली बसवलं. "रुपराव, वाचा तुम्ही."

रुपराव वाचू लागले. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "यंत्र चाललं. पहिल्यांदा... शामलाला... दाखवायचं होतं. ती... सिनेमाला गेली. उद्या... कबाडी येईल. चालेल. टेबल मोकळं... होईल. ती... समोर बसून... जेवेल."

पांढरा चौकोन पुढे सरकला आणि लुकलुकत राहिला. मागे नायिका अजून रडत होती. खोलीतल्या बायकाही डोळे पुसत होत्या, पण नायिकेच्या आईसाठी नव्हे. शामलानं थाळी प्रयागबाईंच्या मांडीवर ठेवली आणि ती उठून गेली.

दार वाजलं तेव्हा महादेवराव लगबगीनं पडदा पुसायची कळ शोधत होते.

"चाललं का?" शामलानं विचारलं.

"चाललं," ते म्हणाले. "पण तू बघितलं नाहीस."

"पाहिलं ना. चंपतरावायच्या घरी. रंगीत टीव्हीवर."

महादेवरावांनी आपल्या वायरकडे पाहिलं. मग अँटेनाच्या वायरकडे. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "सगळ्यांनी?"

"साऱ्यायनं. वांग्यापासून."

महादेवराव उठले, न्हाणीघरात गेले आणि आतून कडी लावून घेतली. शामला बाहेर पाटावर बसून राहिली. "मीठ जास्त होतं तं तोंडानं सांगाचं ना जी," ती शेवटी दाराला म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

सोमवारी ताराचंद हातगाडी घेऊन आला. "मशीन कुठं हाये, भाभी?"

"मशीन देणार नाई," शामला म्हणाली. "जुन्या बाजारात टेबल असन तं पाहून ठेव. दोन माणसं समोरासमोर बसतीन एवढं."

तो आठवडा महादेवराव चंपतरावांना चुकवत राहिले. कामाला जाताना ते आधीची बस पकडत, येताना नंतरची. पहाटेचं भजन बंद झालं होतं, आणि त्या शांततेनं त्यांना झोप येत नव्हती. आपली वायर त्यांनी अँटेनावरून काढून टाकली होती.

रविवारी संध्याकाळी दार वाजलं. बाहेर चंपतराव उभे होते, चपला हातात धरून.

"चुकलं माझं," महादेवराव दारातच म्हणाले.

"ते राहू द्या. वायर लावा परत. जशी होती तशी."

"अँटेनावर?"

"हो गा. घरच्यायनं पाठवलं मले. म्हणे, महादेवराव लिहू शकते तं तुम्हाले काय झालं?" चंपतराव कीबोर्डसमोर बसले. त्यांनी पांढऱ्या चौकोनाकडे पाहिलं आणि नकळत टोपी काढून मांडीवर ठेवली. "हे पुसता येते ना?"

"येतं. एकाच कळीनं."

"मंग ठीक हाये."

महादेवरावांनी वायर अँटेनावर परत जोडली आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शामला स्वयंपाकघराच्या दारात आली. चंपतरावांचं बोट कळांवर फिरत राहिलं, टेकेना. त्यांच्या पिढीत बायकोचं नाव घेत नसत. 'अवं, ऐकून राहिली का' एवढ्यावर त्यांनी सगळा संसार केला होता.

एक कळ वाजली. खालून, उघड्या खिडकीतून, रुपरावांचा आवाज आला, "पी."

पुष्कळ वेळानं दुसरी. "आर."

सिनेमातलं गाणं सुरू झालं होतं, पण कोणीतरी उठून त्याचा आवाज बंद केला. ब्लॉकमध्ये इतकी शांतता कोणी कधी ऐकली नव्हती. एकामागून एक अक्षरं तारेतून छतावर चढली, छतावरून खाली उतरली, आणि रुपरावांनी शेवटी ती एकत्र करून वाचली.

"प्रयाग."

चंपतरावांनी घाम पुसला. "बस झालं," ते कसेबसे म्हणाले. "आता पुसून टाका हे."

महादेवरावांनी कळीकडे हात नेला.

"पुसू नका जी!" खालून प्रयागबाई ओरडल्या.

महादेवरावांनी हात मागे घेतला. त्या रविवारी सिनेमा संपेपर्यंत नायिकेच्या कपाळावर प्रयागबाईंचं नाव होतं, आणि खाली बसलेल्यांपैकी कोणीही तक्रार केली नाही.