राजीखुशीने, अक्कलहुशारीने

ओंकारभाऊंना कोणी जेवायला वाढलं, की घास उचलण्याआधी ते वाढणारीला विचारत, "राजीखुशीनं वाढून राह्यली न, बाई? कोणाचा दाब नाही?" लग्नाच्या पंगतीतसुद्धा. आम्हा केनवडकरांना सवय होती. पाहुणी बाई मात्र बुंदीचा डाव हवेतच धरून उभी राही.

जन्मभर ते रिसोडला एका वकिलाकडे कारकून होते. दस्तांची भाषा अंगात भिनलेली, आणि प्रत्येक शब्दाचं मूळ शोधायचा नाद. "इसम मंजी अरबीत नाव. नुसतं नाव! माणसाचा पत्ताच नाही त्याच्यात." वहिनी कुरकुरल्या की म्हणत, "तक्रार मंजी तेच तेच पुन्हा म्हणणं." वहिनी म्हणत, "मंग पयल्यांदाच आयकत जा न!" यावर ते टोपी घालून रिसोडकडे निघत.

लाडकं वाक्य एकच : 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता लिहून देतो.' "राजी अरबी, खुशी फारसी," ते मला सांगत. "दोन मुलखांतून शब्द आणले, नामदेव. काहून? एकावर भरोसा नव्हता."

ओंकारभाऊंचे वडील वारले, तेव्हा भाऊंची धाकटी बहीण वच्छी सासरहून, अनसिंगहून आली. आपल्याकडे बहिणी येतात तशीच, शेतातला वाटा भावाला सोडून द्यायला. हक्कसोडपत्र तयार होतं, साक्षीदार मी. वच्छीने पेन उचललं आणि ओंकारभाऊंनी तिचा हात धरला.

"राजीखुशीनं?"

"हो रे दादा."

"काहून सोडून राह्यली?"

वच्छी हसली. "वाटा घेतल्यावर माहेर कोन ठेवते? दिवाळीले जाऊ कुठं?"

ओंकारभाऊ पांढरेफटक पडले. "ही कायची राजीखुशी, वच्छे? हे तं भेव हाये." आणि त्यांनी कागद टराटरा फाडला. मी खुर्चीवरून उठलोच. असं काही मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी गावाने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "भाऊ पेलेले होते."

ज्यांनी सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलं नाही, ते ओंकारभाऊ. पण मला तीन बहिणी. आमच्या वावराच्या हक्कसोडपत्रावर तिघींच्या सह्या मी केव्हाच घेऊन टाकल्या होत्या. कागद फाडणं शहाणपणाचं ठरलं असतं, तर मी कोण ठरलो असतो?

बातमी अनसिंगला पोचली. ओंकारभाऊ समजवायला गेले, तर वच्छीच्या नवऱ्याने दारातच त्यांच्या तोंडाचा वास घेतला. ते तसेच परत फिरले. वच्छीला त्याने पुन्हा माहेरी पाठवलं नाही.

यंदा भाऊबीजेला मी त्यांच्याकडे गेलो. पाट मांडलेला, ते धुतलेल्या टोपीत रस्त्याकडे बघत बसलेले. मला राहवलं नाही. "भाऊ, ते मीच पसरवलं होतं."

"मालूम हाये."

"मंग बोलले काहून नाही?"

"तुह्या बहिणी आल्या न भाऊबीजेले?"

"आल्या."

"मी बोललो असतो तं त्याईनं तुले जाब विचारला असता. एक तरी माहेर चालू राहू दे म्हटलं."

हे लिहिलेलं काल माझ्या तिघी बहिणींना वाचून दाखवलं. थोरलीने कागद मागून घेतला, पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि परत दिला. उद्या सकाळच्या जीपने अनसिंगला जातो आहे, वच्छीला आणि तिच्या नवऱ्याला वाचून दाखवायला. ओंकारभाऊ त्या दिवशी प्यालेले नव्हते. नशा मलाच होती, वावराची.