डाव्या सीटवरचे नाना

रोज सकाळी सव्वासातला आमचे शेजारी नाना इस्त्रीचा शर्ट घालून, बुटांना पॉलिश करून घराबाहेर येतात, अंगणातल्या पांढऱ्या गाडीचं डावं दार उघडून आत बसतात, सीटचा पट्टा लावतात आणि समोर बघत राहतात. उजव्या सीटवर कोणी नसतं. गाडी जागची हलत नाही. दहा मिनिटं झाली की पट्टा काढून उतरतात, काच पुसतात आणि घरात चहा प्यायला जातात.

जळगावच्या पिंप्राळ्यात आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात मला वाटलं, ड्रायव्हर यायला उशीर होत असेल. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, ड्रायव्हर फारच बेभरवशाचा दिसतो. शेवटी न राहवून मी विचारलं, "नाना, कुठे निघालात?"

"कोठेच नही," नाना म्हणाले. "गाडीले सवय ऱ्हावाले पाहिजे."

नाना मूळचे नरडाण्याकडचे. एरवी माझ्याशी बरं शहरी मराठी बोलतात, पण मनाला लागलेली गोष्ट निघाली की त्यांची अहिराणी बाहेर येते. जळगावात एका जिनिंग कारखान्यात कापूस तोलायच्या काट्यावर त्यांनी उभा जन्म काढला. त्यांचं ठेवणीतलं वाक्य म्हणजे, "माले बठ्ठं माहीत शे!" पाऊस कधी येणार, डाळीत हिंग किती, माझ्या शाळेत मी विज्ञान कसं शिकवावं, सगळं त्यांना माहीत. एकच गोष्ट त्यांना येत नाही. गाडी चालवणं.

गाडी अक्कांची. अक्का म्हणजे नानांची बायको. माहेर जवळच्याच असोद्याचं, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. खेडोपाडी फिरून कंटाळल्या आणि बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकल्या, स्वतःच्या पगारातून घेतली, स्वतःच्या नावावर केली. उंची म्हणाल तर जेमतेम माझ्या खांद्याला लागतील. त्यामुळे ड्रायव्हरची सीट पार पुढे ओढलेली आणि पाठीला एक फुलाफुलांची उशी. शिकवणारा नानांनाही म्हणाला होता, तुम्हीपण शिकून घ्या. त्यावर नाना म्हणाले, "दोघांनी शिकून काय करायचं? स्टिअरिंग तर एकच आहे!"

मग नाना आयुष्यभर डावीकडे बसले आणि तिथून त्यांनी गाडी चालवली. "ब्रेक मार. मार म्हणतो ना!", "म्हैस आहे पुढे, म्हैस!" अक्का एक अक्षर ऐकत नसत. नाना मात्र प्रत्येक म्हशीला स्वतःच्या पायाखाली ब्रेक दाबत. इतका, की डावीकडच्या मॅटला त्या जागी भोक पडलं आहे. ते त्यांनी मला अभिमानाने दाखवलं होतं.

तीन वर्षांपूर्वी नात झाली आणि अक्का मुलाकडे पुण्याला गेल्या. तीन महिन्यांसाठी म्हणून. मग नातीचे दात, मग तिचे खोकले, मग सुनेची नोकरी. नाना एकदा आठ दिवस जाऊन आले. अकराव्या मजल्यावर त्यांना करमेना. "इकडे गाडीकडे कोण बघेल?" म्हणून परत आले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आठला पुण्याहून फोन येतो. नाना तो ओट्यावर बसून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेताने घेतात.

"गाडी बरी शे," ते सुरुवातीलाच सांगतात.

"आणि तुम्ही?"

"गाडी बरी शे म्हटलं ना."

बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी इंजिन सुरू करायचं काम माझ्याकडे. मी पावणेसहा फूट. त्या सीटवर बसलो की गुडघे स्टिअरिंगला आणि डोकं छताला. सीट मागे घ्यायला मी खाली हात घातला, की नाना डाफरलेच म्हणून समजा. "हात लावू नको! ती जशी आहे तशी राहू दे." म्हाताऱ्याचा हेका म्हणून मी सोडून देत असे.

मग गेल्या हिवाळ्यात तो गुरुवार उजाडला. आदल्या संध्याकाळी अक्का फोनवर म्हणाल्या होत्या, "अहो, इथल्या वांग्यांचं भरीत म्हणजे नुसता लगदा. असोद्याच्या वांग्यांची फार आठवण येते हो." हिवाळ्यात दर वर्षी पहिली वांगी आणायला दोघं अक्कांच्या भावाच्या शेतावर जात. नानांनी एवढंच ऐकलं. आठवण फक्त वांग्यांची येते का, हे काही त्यांनी विचारलं नाही.

सकाळी सव्वासातला ते डाव्या दारापाशी गेले आणि मग वळसा घालून उजव्या दाराने आत बसले. इतकी वर्षं शेजारी बसून जे बघितलं होतं त्याच्या भरवशावर, असोद्यापर्यंत सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये. तिसरा असतो हे त्यांना माहीत होतं, पण घ्यायची हिंमत झाली नाही. पोतंभर हिरवी वांगी घेऊन परत येताना शहराच्या तोंडाशी हवालदाराने हात केला.

"लायसन?"

"शे ना!" नानांनी समोरच्या कप्प्यातून लॅमिनेशन केलेली लायसनची झेरॉक्स काढून दिली.

"आजोबा, हे तर बाईंचं आहे."

"मग? गाडीपण बाईंचीच आहे. दोन्ही जुळतात की नाही बघा!"

मला शाळेत फोन आला, "भाऊ, गाडीले अटक झाली." मी स्कूटर काढून तडक गेलो. जप्त केलेल्या गाड्यांच्या आवारात नाना वांग्यांच्या पोत्यावर बसले होते. सुटकेचं काय ते विचारायला मी आत निघालो, तर त्यांनी मला अडवलं. "तू बाहेर थांब. सरकारी माणसांशी कसं बोलायचं, माले बठ्ठं माहीत शे." आत जाऊन आले ते एवढंसं तोंड करून.

"गाडी जिच्या नावावर, तिला स्वतःला यावं लागेल. दुसरा इलाज नाही."

"अक्कांच्या सहीचं पत्र मागवू या ना."

"चालत नाही! नियम म्हणजे नियम."

वांगी आम्ही स्कूटरवरून घरी आणली. संध्याकाळी आठच्या फोनवर नानांनी पहिल्यांदाच वेगळं वाक्य उच्चारलं, "गाडी बरी नही." पुढे अक्का जे बोलल्या ते मला आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आलं. शेवटी त्या म्हणाल्या, "येते रविवारी. आल्यावर बघते तुमच्याकडे."

आता ज्याची गाडी जप्त झाली त्या माणसाने चिंतेत असावं की नाही? नानांनी शुक्रवारी दाढी-कटिंग केली. शनिवारी गाद्यांना ऊन दाखवलं, अंगण झाडलं आणि भरीत भाजायला कपाशीच्या वाळक्या काड्यांचा भारा मिळवून आणला. सकाळी सव्वासातला मात्र ते रिक्षाने त्या आवारात जात आणि गाडीच्या डाव्या सीटवर दहा मिनिटं बसून येत. हवालदाराने पहिल्या दिवशी हटकलं, दुसऱ्या दिवशी दार उघडून दिलं.

रविवारी पहाटेच्या ट्रॅव्हल्सने अक्का आल्या. सकाळ होताच तडक आवारात. सह्या केल्या, दंडाची पावती घेतली, नानांकडे ढुंकूनही न बघता ड्रायव्हरचं दार उघडून आत बसल्या. पाय बरोबर पेडलवर टेकले. पाठीला उशी लागली. त्या जरा थांबल्या आणि सीटखाली हात घालून तिचा दांडा चाचपला.

"सीट मागे केली नव्हती तुम्ही?"

"नही."

"मग बसलात कसे?"

नानांनी पायजमा वर केला. दोन्ही गुडघ्यांवर काळेनिळे डाग होते. असोद्याला जाऊन येईपर्यंत गुडघे स्टिअरिंगवर घासत होते. रागवायचं जे काही अक्कांनी पुण्याहून ठरवून आणलं होतं ते त्यांना सापडेना.

"बसा," त्या म्हणाल्या. "पट्टा लावा."

मी मागून स्कूटरवर होतो. पिंप्राळ्यापर्यंत डाव्या खिडकीतून नानांचा हात बाहेर येऊन सगळ्या रस्त्याला दिशा दाखवत होता आणि गाडी बरोबर त्याच्या उलट वळत होती. इतका सुखी माणूस मी फार दिवसांत पाहिला नव्हता.

दोन दिवस अक्का राहिल्या. अंगणात काड्यांवर वांगी भाजली, गल्लीला भरीत वाटलं. जाताना त्यांनी मला बजावलं, "भाऊ, यांचं लायसन काढून द्या. तब्येत ठणठणीत आहे, शिकतील. मला नेहमी नेहमी येणं जमणार नाही." नाना तेव्हा घाईने गाडीची काच पुसायला गेले.

अक्कांची ती लॅमिनेशन केलेली झेरॉक्स आवारात राहिली होती. पुढच्या आठवड्यात मी ती आणायला गेलो. हवालदार ओळखीचं हसला.

"बाईंना उगीच पुण्याहून यावं लागलं. मी आजोबांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्यांच्या सहीचं पत्र आणा आणि कोणी लायसनवाला घेऊन या, लगेच सोडतो. तर मला हात जोडून म्हणतात, साहेब, इतका सोपा नियम नका सांगू."

मी झेरॉक्स खिशात घातली आणि स्कूटर सुरू करायचं विसरून तिथेच उभा राहिलो. 'गाडीले अटक' म्हणून त्या आठवड्यात मी गल्लीभर नानांची जी काही थट्टा केली होती, ती सगळी मला आठवत होती.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला नाना आपल्या जागी येऊन बसले. मी गेलो, उजवं दार उघडलं आणि अंगाची घडी करून शेजारी बसलो. खिशात लायसनचा फॉर्म होता. तो त्यांच्यापुढे धरला.

"नाना, इथे सही करा. अक्कांनी सांगून ठेवलंय."

नानांनी फॉर्म घेतला नाही. ते समोरच बघत होते. समोर तर आमच्या कंपाउंडची भिंतच होती.

"भाऊ," ते म्हणाले, "लायसन काढं, ते मंग तिले काय सांगीसन बलावसू?"

लायसन निघालं तर तिला काय सांगून बोलवायचं? 'तुझी आठवण येते' हे तीन शब्द सांगून बोलावता येतं, हे या माणसाला एवढ्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि ते सांगायला माझीही जीभ रेटेना. मी फॉर्म घडी करून परत खिशात घातला.

नेहमीच्या सवयीने माझा हात सीटखाली गेला.

"मागं घेऊ नको, भाऊ," नाना म्हणाले. या वेळी ते डाफरले नाहीत.

मी हात काढून घेतला. गुडघे स्टिअरिंगला टेकवून, दहा मिनिटं पुरी होईपर्यंत मी तिथे बसून राहिलो.