भिंतीपुढचा हत्ती

कंपाउंडरचा हत्ती आठ दिवस नुसता डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरत होता, आणि टेलर खुशीत होता. चोर सापडला होता!

दोघा म्हाताऱ्यांची बुद्धिबळाची दोस्ती तीस वर्षांची. जिने चढवेनात तेव्हापासून डाव फोनवर चाले. रोज सकाळी दहाला, पाच-पाच खेळ्या. कंपाउंडर म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. दहाव्या खेळीला घोडा फुकट घालवायचा आणि हरला की म्हणायचा, "मी मुद्दाम सोडलं!" दोन महिन्यांपूर्वी त्याचा घसा बसला. तेव्हापासून खेळ्या वहिनी सांगू लागल्या, आणि हा पठ्ठ्या ओळीनं जिंकू लागला.

"घसा बसला की अक्कल वर येते होय?" टेलर बायकोवर खेकसला. "मोबाइलमधलं यंत्र खेळतंय!"

"खेळू दे की. तुमचं काय जातंय?"

"तीस वर्षांची दोस्ती जातेय!"

नातीनं सांगितलं, यंत्र मोजतं पक्कं, पण बंद दारापुढं त्याचं डोकं चालत नाही. झालं! नव्या डावात टेलरनं एक हत्ती गमावला, पण सगळी प्यादी समोरच्या प्याद्यांच्या नाकाला नाक लावून शिवून टाकली. सुई शिरायला जागा नाही. खरा कंपाउंडर दुसऱ्याच दिवशी वैतागला असता आणि घोडा देऊन भिंत फोडून मोकळा झाला असता. हा मात्र एक हत्ती जास्त आहे म्हणून खुशाल फेऱ्या मारत बसला.

नवव्या दिवशी टेलर काठी टेकत तीन जिने चढला, जाब विचारायला.

वहिनींनी दार उघडलं. हातात मोबाइल, त्यावर पट. कंपाउंडर खिडकीशी बसून सोंगट्या उंचीप्रमाणे ओळीनं लावत होता, दवाखान्यात बाटल्या लावायचा तशा. टेलरला बघून तो अदबीनं म्हणाला, "डॉक्टरांची चिठ्ठी आणलीत का?"

घसा ठणठणीत होता.

"मला प्यादंसुद्धा कळत नाही, भावजी," वहिनी हळूच म्हणाल्या. "पण दहाला फोन वाजला की हे उठून पटापाशी येतात. दिवसभरात तेवढंच. खरं सांगितलं असतं तर तुम्ही हळहळला असता, आणि खेळणं थांबवलं असतं."

वाटेत पाठ केलेल्या शिव्या टेलर विसरून गेला. त्याला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज.

"छे, मी आपला सहज आलो होतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दहाला त्यानं फोन लावला. एका प्याद्यासाठी उंट देऊन स्वतःच शिवलेली भिंत उसवली, वर राजाही उघड्यावर आणला. पाचव्या खेळीला मात.

"अहो, तुम्ही जिंकलात!" फोनवर वहिनी ओरडल्या.

"कुणाशी?" मागून आवाज आला.

"टेलरभावजींशी."

फोनमध्ये सोंगट्या सरकवल्याचा आवाज आला.

"तो होय," कंपाउंडर म्हणाला. "त्यानं मुद्दाम सोडलं असेल."

"नाही रे बाबा, खरंच हरलो," टेलर म्हणाला, आणि बाहीनं डोळे पुसले.