पोटातली चूल

भागाक्का माणसाला भेटली की आधी त्याचा दंड चिमटीत धरायची. नाव-गाव नंतर. दंडाचं मांस अंगठ्यानं दाबायची, सोडायची, ते वर कसं येतं ते बघायची आणि मग विचारायची, "कुठलं तेल खातास?"

समोर पाटील असो, कासार असो की जंगलखात्याचा गार्ड. गार्ड नवा होता, अंगात खाकी कोट. बाई मारायलाच आली असं वाटून तो मागं सरला, तशी भागाक्का पुढं सरली. "कोट काढ," म्हणाली, "कोटावरनं कळत न्हाई."

मग निकाल. "खोबरेल. समुद्राकडचा हायस तू." गार्ड म्हणाला, "न्हाई हो बाई, आमी धारवाडकडचे. घरात करडीचं तेल."

"मग तुझी बायको तुला फसवती," भागाक्का म्हणाली आणि आत निघून गेली.

निम्म्या वेळा ती चुकायची. चुकली की समोरचा खोटं बोलतो असं ठरवायची. त्यामुळे तिच्या मते ती कधीच चुकली नाही.

ही माझ्या नवऱ्याची आत्या. सुप्याच्या पेठेपासून बैलगाडीनं अर्धा दिवस आत गेलं की रानात आमचं गाव लागायचं. मी खानापूरकडची, चार इयत्ता शिकलेली, म्हणून सासरी मला हुशार समजायचे. विचारत मात्र कुणी काही नव्हतं. माझ्याकडं काम एकच महत्त्वाचं होतं, भागाक्काला उठवायचं. ती पाटावर बसली की पाट दिसायचा नाही, आणि उठताना कुणीतरी हात द्यावा लागायचा. नव्या सुनेचे हात रिकामे असतात असा सगळ्या घराचा समज होता.

आता ती माहेरी का होती ते सांगते. तीच सगळ्यांना सांगायची, एखाद्याची हरवलेली गाय कुठल्या वाटेनं गेली हे सांगावं तसं. लग्न झालं तेव्हाही ती गोलच होती. सासरी लोण्याचं मडकं रोज थोडं कमी भरायचं. सासूनं मडक्यात बघितलं, मग सुनेकडं बघितलं, आणि चौकशी संपली. वर्षाच्या आत तिला गाडीत घालून माहेरच्या वेशीवर उतरवलं. नवऱ्यानं दुसरी केली.

"आन् माझी आई काय म्हणाली ठावं हाय?" भागाक्का सांगायची. "दारात हुबी ऱ्हाऊन म्हणाली, खाल्लंस व्हय? पाणीसुदिक न देता."

तेव्हापासून तिचा एकच उद्योग. माणूस लठ्ठ होतो तो चोरून खाल्ल्यानं नव्हे, हे जगाला पटवायचं. तिचं म्हणणं असं, की प्रत्येकाच्या पोटात एक चूल असते. कुणाची धडधडून पेटते, कुणाची नुसती धुमसते. धडधडत्या चुलीत कितीही तूप ओता, जळून जातं. धुमसत्या चुलीत पेज घातली तरी अंगावर साठते. त्यातही प्रत्येक तेलाची वाट वेगळी. म्हशीचं तूप पोटावर उतरतं, गाईचं मानेवर. खोबरेल गालात राहतं. शेंगतेल पोटऱ्यांत जातं. आमच्या रानातल्या भिरंडांचं, म्हणजे कोकमाच्या बियांचं, तेल कुठंच जात नाही, म्हणून ते टाचेच्या भेगांना लावावं.

हे तिला कुणी सांगितलं? कुणी नाही. तिनं प्रयोग केले होते, आणि ते आमच्यावर.

माझा धाकटा दीर पुंडलिक म्हणजे वासा. पाठीची हाडं बाहेरून मोजता यायची. भागाक्कानं त्याला महिनाभर भातावर म्हशीचं तूप वाढलं. सासूबाई तळतळत होत्या. "बाजारात गेलं असतं त्ये तूप, ह्येच्या पोटात चाललंय!" पोटातही फार राहिलं नाही. पुंडलिक दिवसातून किती वेळा रानाकडं पळायचा ते सगळ्या गावानं पाहिलं. महिना संपला तेव्हा तो होता त्याहून वाळला. भागाक्काला धन्य वाटलं.

दुसरा प्रयोग तिनं स्वतःवर केला. सगळा पावसाळा नाचणीची भाकरी, उकडलेली भाजी आणि मीठ. तेलाचा थेंब नाही. चवथीला गणपती आला तेव्हा तिची चोळी काखेत उसवली. एखादी बाई रडली असती. ही उसवलेली चोळी घेऊन दारोदार दाखवत फिरली. "बघा! कोरडं खाऊन बघा!"

आम्ही हसत होतो. मग इंदीचा निरोप आला आणि हसणं थांबलं.

इंदी माझी नणंद, भागाक्काची भाची. रूप आईचं, अंग आत्याचं. खानापूरकडं दिली होती, वर्ष व्हायचं होतं. तिच्या सासूनं सांगून पाठवलं, लोण्याचं मडकं कमी भरतंय, तुमची पोर घेऊन जा. मामंजी कपाळाला हात लावून बसले. सासूबाई म्हणाल्या, "खाल्लं असंल का गे तिनं?" भागाक्कानं त्यांच्याकडं असं बघितलं की त्या चुलीपुढं जाऊन बसल्या. इंदी परत आली तर घरात दुसरी भागाक्का तयार होणार, हे न बोलताही सगळ्यांना दिसत होतं.

"मी जातो," मामंजी म्हणाले.

"तू जाशील आन् पोरीला घिऊन येशील," भागाक्का म्हणाली. "मी जाते."

गाडीत नाचणीचं एक पोतं, तुपाची एक लोटी, पुंडलिक आणि तिला उठवायला मी.

इंदीची सासू उंच, वाळकी, स्वच्छ बाई. आम्हाला पाणी दिलं आणि सरळच बोलली. "मडक्यातलं लोणी जातंय. घरात गरगरीत एकटी हीच. आमी काय समजायचं?"

"गोठ्यातली तुमची म्हसबी गरगरीत हाय," भागाक्का म्हणाली. "ती खाती व्हय लोणी?"

"म्हस गवत खाती."

"मग? गवत खाऊन ती तसली. ही काय खाती तुमच्या घरात?"

"भाकरी आन् आमटी."

"झालं तर."

विहीणबाई एवढ्यानं ऐकणाऱ्या नव्हत्या. मग भागाक्कानं ठराव मांडला. पंधरवडाभर इंदी आणि ती स्वतः ओसरीवर, साऱ्या गावासमोर, कोरडी भाकरी खातील. पुंडलिक तूप खाईल. लोण्याचं शिंकं विहीणबाईंच्या अंथरुणावर टांगायचं. इंदी वाळली तर ती चोर, आणि मग भागाक्का स्वतः तिला घेऊन जाईल. विहीणबाईंनी आपल्या हातानं तिघांच्या दंडाला काळे दोरे बांधले.

पुंडलिक म्हणाला, "आक्का, परत तूप?"

"भाचीसाठी मर," ती म्हणाली.

जेवणाच्या वेळी माणसं बघायला यायची. कुणी इंदीला चिडवायचं, तिचे डोळे भरायचे. भागाक्का शेजारून कोपर मारायची. "रडू नगंस. रडून वाळलीस तर माझं सगळं मातीत जाईल."

पंधरवडा संपला. भागाक्काचा आणि इंदीचा दोरा मांसात रुतलेला होता तसाच होता. पुंडलिकाचा कोपरापर्यंत घसरला होता, आणि तो स्वतः ओसरीवर कमी, शेतात जास्त असायचा. शिंक्यातलं लोणी? ते कमी होतच होतं.

विहीणबाई दोऱ्यांकडं बघत उभ्या राहिल्या. तेवढ्यात त्यांचे यजमान देवपूजा आटोपून बाहेर आले. साधा माणूस, अंगानं पुंडलिकाचा थोरला भाऊ शोभेल असा. पंधरा दिवस भागाक्कानं व्याह्यांच्या अंगाला हात लावला नव्हता, तेवढी रीत तिनं पाळली होती. आता निघायचंच होतं. तिनं सरळ त्यांचा दंड धरला. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"इवाईबाबा," ती म्हणाली, "तुमची चूल लई भारी हाय. लोणी. म्हशीचं. ताजं."

त्यांना ठसका लागला. पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन त्यांनीच कबूल केलं. रोज पहाटे बायको धारेला गेली की ते देवाच्या नैवेद्याला शिंक्यातलं लोणी काढायचे. देवाचं कोण मोजतं? देवाला बोटभर, बाकीचं पुजाऱ्याला. भागाक्काला खरंच कळलं होतं, का नुसता तो माणूसच भित्रा होता, ते मी सांगू शकत नाही. तिचं निम्म्या वेळा चुकायचं हे मी आधीच लिहिलं आहे.

विहीणबाई माफी मागणाऱ्यांतल्या नव्हत्या. इंदीच्या दंडाचा दोरा त्यांनी विळीनं कापला आणि म्हणाल्या, "आत जा, भात लाव." आम्ही गाडीत बसलो तेव्हा त्या मागून आल्या आणि केळीच्या पानात बांधलेला लोण्याचा गोळा भागाक्काच्या मांडीवर ठेवून गेल्या.

वाटेत ओहोळावर पुंडलिकानं बैल पाण्याला सोडले. मला वाटलं होतं भागाक्का आता गावापर्यंत बडबडत जाईल. ती मांडीवरच्या गोळ्याकडं बघत होती. पान उन्हानं मऊ पडलं होतं.

"लोणी मी खाल्लेलं न्हाई गे," ती म्हणाली.

"ठावं हाय आक्का. आता समद्यास्नी ठावं झालं."

"चोरून न्हवं. कंदीच खाल्लं न्हाई. बाबाच्या घरात तवा दुभतं न्हवतं. सासरी रोज घुसळायची मी, पर बोट चाटायची सोय न्हवती. आन् मागनं, बघितलं तरी तोंड कोरडं पडायचं."

तिनं पान सोडलं. करंगळीच्या टोकावर थोडं घेतलं आणि जिभेवर ठेवलं. बराच वेळ ते तसंच तोंडात धरून ती समोरच्या बैलांकडं बघत राहिली. मग गिळलं.

"एवढ्यासाठी व्हय?" ती म्हणाली.

तिनं पान मिटलं, माझ्या मांडीवर सरकवलं आणि पुंडलिकाला हाक मारली, "बैल जुप रे."