मास्तरांना न चालणारं झाड

आमच्या मंगळवार पेठेत दानिएल मास्तरांना ‘हॅपी ख्रिसमस’ म्हणायची कुणाची टाप नाही. म्हटलं की ते तुमचा हात धरणार आणि विचारणार, “पंचवीस डिसेंबर ही तारीख बायबलात कुठं हाय? दाखवा की!” तुम्ही बापडे पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभे. मग रोमन लोकांचे थंडीतले सण, त्यांचा सूर्यदेव, सगळं ऐकून झाल्यावरच सुटका. पेढे तेवढे आधीच आत गेलेले असतात.

हायस्कुलात जन्मभर इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर वर्ग गेला, तास चालूच राहिला. एकदा चर्चमध्ये पोरांचं नाताळचं नाटक होतं. पुठ्ठ्याचे मुकुट घालून पूर्वेकडचे तीन ज्ञानी, म्हणजे मागी, भेटी घेऊन बाळ येशूला बघायला निघाले, तोवर मास्तर उठून उभे. “तीनच कशावरनं? भेटी तीन हायत, माणसं किती ते लिहिलेलंच न्हाय!” एक मागी भोकाड पसरून रडायला लागला. मी शेजारी म्हणून गेलेलो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांना गप्प करणारं माणूस जगात एकच होतं, त्यांची बायको शांताबाई. “करंजीचा बेथलेहेमशी काय संबंध?” असं मास्तरांनी सुरू केलं, की बाई ताटलीच पुढं सरकवायच्या. “खावा आणि गप बसा.” मास्तर खायचे. सहा-सहा खायचे.

बाई गेल्या. त्या वर्षी नाताळला पुण्याहून लेक रूथ आली, तीन वर्षांची पोर काखेत आणि हातात नाताळचं झाड. बापाला बरं वाटावं म्हणून. मास्तरांनी ते झाड उचलून थेट जिन्याखाली भिरकावलं. “ही जर्मनांची पद्धत! माझ्या घरात न्हाय चालायची!” रूथ तशीच माघारी गेली. त्यानंतर तीन नाताळ आली नाही.

यंदा तिचा फोन आला. “येते, पप्पा. पण इतिहास नको. एक शब्द काढलात तर ही शेवटची खेप.”

मास्तर धावत माझ्याकडं आले. एवढा कावराबावरा झालेला माणूस मी पाहिला नव्हता. “पाटील, तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. मी तोंड उघडलं की पाय दाबायचा.” म्हणजे बघा, ज्या गाडीला जन्मात ब्रेक नव्हता, तिचा ब्रेक मी!

नाताळला आम्ही जेवायला बसलो. रूथची पर्स तिच्या मांडीवरच होती, ती काही खाली ठेवेना. नात आन्या आता सात वर्षांची. सांताक्लॉजच्या टोपीचा गोंडा हलवत तिनं विचारलं, “आजोबा, सांताक्लॉज कुठला?” सांता म्हणजे मूळचा तुर्कस्तानातला बिशप, हे मास्तरांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मी पाय दाबला. “लांबचा हाय,” मास्तर म्हणाले. “चांदणी का लावतात?” पुन्हा दाबला. “छान दिसती म्हणून.” कपाळावर घाम. मला वाटलं, निभावलं बुवा.

तेवढ्यात पोरगी म्हणाली, “आम्ही झाड आणलंय. आई म्हणाली गाडीतच राहू दे, आजोबांना चालत नाही. का नाही चालत?”

रूथचा घास हातातच राहिला. मी सगळा जोर लावून पाय दाबला. मास्तरांनी तो सोडवून घेतला.

“हे बघ बाळा, झाड जर्मनीतनं आलं—”

रूथ उठली. पर्स खांद्याला अडकवली. मेलो, म्हटलं मी मनात.

“—पण ते कारण मी मागनं जोडलं,” मास्तर म्हणाले. “तवा तुझी आजी नव्हती. तिच्याबिगर मला नाताळच नको होता. आणि तुझी आई सण घेऊन दारात आली, म्हणून तिच्यावर राग काढला. खरं कारण एवढंच हाय.”

रूथनं डोळे पुसले, पर्समधनं गाडीची चावी काढली आणि माझ्या हातात दिली. “काका, मागच्या सीटवर हाय. आणता?”

मी खाली गेलो. खरं सांगतो, दार उघडायला मला वेळ लागला, किल्लीचं भोकच दिसेना. झाड घेऊन वर आलो तर मास्तर उंबऱ्यातच उभे. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, नुकतं जन्मलेलं पोर घ्यावं तसं, आणि लेकीकडं वळून हळूच विचारलं, “कुठं ठेवू, रूथ?”